डावीकडचा पट्टा

आमच्या गाडीला मागच्या सीटवर पट्टे नव्हते. ते नाहीत हे बावीस वर्षांत घरातल्या कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. बाबांनी ती एका एजंटाकडून जुनीच घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. पांढरी, चौकोनी, पेटीसारखी गाडी. मागे बसणाऱ्याने ऐसपैस बसावं, वाटलं तर आडवं व्हावं, अशीच आमची समजूत. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. नवरा नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे गाडीत आम्ही तिघीच असायचो. मी चालवायची, आई मागे डावीकडे, माझी सहावीतली मुलगी मागे उजवीकडे आणि दोघींच्या मध्ये भाजीची पिशवी. या जागा कधी बदलल्या नाहीत.

मागच्या वर्षी, मी शिकवते त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई सिन्नरच्या रस्त्यावर अपघातात गेल्या. भाड्याच्या गाडीत मागे बसल्या होत्या. पुढचे दोघे पट्ट्यामुळे थोड्याफार खरचटण्यावर सुटले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून पडायच्या तशाच दिसत होत्या. परत येताना आईला आणि मुलीला वाटेत घेतलं. सिग्नलला मी आरशात पाहिलं. मुलगी दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकून मला काहीतरी सांगत होती. तिचं कपाळ आणि पुढची काच यांच्यामध्ये काहीच नव्हतं. ती काय सांगत होती ते मला आजही आठवत नाही.

शोरूममध्ये विचारलं तर ते म्हणाले, इतक्या जुन्या गाडीचं सामान आम्ही ठेवत नाही, गाडीच बदला. मग कोणीतरी अंबडच्या एका कारागिराचं नाव सुचवलं. औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. साठीच्या आसपासचे, बारीक चणीचे, मूळचे पेठकडचे. सातपूरला गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात उभी हयात काढून आता एकटेच काम करत. शेडमध्ये भिंतीला लागून सुट्या सीटा ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं दाराकडे. आत पाऊल टाकताना वाटलं, आपल्याला उशीर झालाय आणि सगळे आपल्यासाठी खोळंबून बसलेत.

"भंगारात या गाडीचे पट्टे मिळतील ना?" मी विचारलं.

"मिळतील. पण मी लावायचा नाय," ते म्हणाले. खिळ्याला लटकणारा एक काळा पट्टा त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. "इथं बोट फिरवा."

पट्टा सगळीकडे खरखरीत होता. एका जागी मात्र वीतभर गुळगुळीत लागला, प्लास्टिक वितळून पुन्हा गार झाल्यासारखा.

"ह्यानं एकदा माणूस धरलेला हाय," ते म्हणाले. "जोरात वढला गेला की कापड कडीवर घासून भाजतं. एकदा धरलं की त्याचं काम संपलं. पुन्हा भरवसा नाय. म्हणून नवाच आणू."

"तो माणूस वाचला का?"

"ते पट्ट्यावरून नाय कळत, ताई."

मी पट्टा त्यांच्या हातात परत दिला आणि नकळत बोट साडीला पुसलं.

नवे पट्टे यायला आठवडा लागला. दुसऱ्या शनिवारी सकाळी मी गाडी घेऊन गेले आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. प्रत्येक पट्टा तीन जागी बसतो, त्यांनी समजावलं. एक बोल्ट खांद्याजवळ, दारामागच्या खांबाला, एक खाली दाराशी, आणि मधे बक्कल. त्यांनी आधी उजवीकडचं अस्तर सोडवलं. खांबात आटे पाडलेलं एक भोक होतं आणि त्यावर काळ्या रबराचं टोपण. टोपण काढलं तर आतले आटे नव्यासारखे चमकत होते, जुनं ग्रीससुद्धा तसंच.

"बघा. कंपनीनं जागा ठेवली, पट्टा नाय दिला. बाहेर देशात जायच्या त्या गाड्यांना द्यायचे."

मग ते डावीकडे गेले. अस्तराची कड उचलली आणि थांबले. पुन्हा खाली ठेवली, हात पुसले, पुन्हा उचलली.

"ताई, ही गाडी पयल्यापासून तुमचीच का?"

"नाही. जुनी घेतलेली."

"इकडं या."

डावीकडच्या भोकात बोल्ट होता. बोल्टला लोखंडी कडी आणि कडीत अडकलेला चार बोटं लांबीचा पट्ट्याचा तुकडा. खालची कड तिरकी कापलेली, दोरे सुटलेले. बोल्ट सैल झाला होता. त्यांनी कडीला बोटाने टिचकी मारली. कडी खांबावर आपटली. टक.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गाडी डावीकडे वळली की मागून कुठूनतरी तो यायचा. बाबा म्हणायचे, म्हातारी आहे, बोलते थोडी. मुलगी लहान असताना वळण आलं की हसायची, कारण आता टक होणार हे तिला माहीत असायचं. बावीस वर्षं तो तुकडा आईच्या डोक्यामागे, अस्तराच्या आत, लोंबकळत होता.

"हे अस्तर कोणीतरी काढून पुन्हा चिकटवलंय," ते म्हणाले. "उजवीकडचं कंपनीचं हाय. हे नाय."

मग त्यांनी मागच्या सीटची गादी उचलली. खाली धूळ, मुलीचे मोडके खडू, एक कंगवा. आणि डाव्या जागेच्या कडेला जमिनीला पक्कं बसवलेलं एक बक्कल, गादीखाली दाबून टाकलेलं. त्यात पट्ट्याची धातूची जीभ अजून अडकलेली होती. जिभेच्या दोन्ही बाजूंना पट्टा कापलेला होता, एक तुकडा वीतभर, एक थोडा लांब.

"लावलेलाच हाय," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी लाल बटण दाबलं. ते दबलं नाही. तेलाचे दोन थेंब सोडले, थोडं थांबले, पुन्हा दाबलं. खट् झालं आणि जीभ उडून त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी तो तुकडा उजेडात धरला, अंगठा फिरवला, मग मला न विचारता माझंच बोट धरून त्यावर फिरवलं. गुळगुळीत होता.

"बटण दाबायला कुणाला येळ नसंल. नायतर अडकलं असंल. मग कापलाय."

मी बोट मागे घेतलं. मग विचारलं, "तुम्ही लावाल ना इथे नवा?"

"लावतो की. जागा चांगली हाय." पण बोल्ट आवळण्याआधी त्यांनी ती जागा फडक्याने पुसली, दुसरं फडकं घेतलं आणि पुन्हा पुसली. जुना तुकडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला. शेडमध्ये ठेवायला त्यांनी नकार दिला.

घरी आई वाल सोलत बसली होती. मी कागद तिच्यासमोर उघडला. तिने पाहिलं, हात लावला नाही.

"बाबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"अपघाताची गाडी आहे एवढं माहीत होतं. एजंट म्हणाला, कोणाला काही झालं नव्हतं."

"आणि तुला?"

आई उठली आणि देवघराच्या खालच्या खणातून औषधाची एक जुनी काचेची बाटली घेऊन आली. तिने ती ताटलीत उपडी केली. साबुदाण्याएवढे, हिरवट झाकेचे काचेचे मणी ताटलीभर पसरले.

"सीटच्या फटीतून निघायचे," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी खूप. मग कमी होत गेले. शेवटचा गेल्या दिवाळीत गाडी झाडताना सापडला. आपल्या गाडीची काच कधी फुटलीये का?"

"कधीच नाही. तू बोलली का नाहीस?"

"तुझ्या बाबांचा जीव होता गाडीवर."

"मग तू नेमकी त्याच जागेवर का बसायचीस?"

आईने मणी एकेक करून बाटलीत परत टाकायला सुरुवात केली. "मी बसले म्हणजे दुसरं कोणी बसत नाही," ती म्हणाली.

दुसरं कोणी म्हणजे माझी मुलगी, असंच तिला म्हणायचं असणार. मी विचारलं नाही.

नव्या पट्ट्यांची सवय व्हायला वेळ लागला नाही. मुलीची कुरकुर एवढीच की आता पुढे वाकून बोलता येत नाही. वळणावरचा आवाज बंद झाला होता. तो बंद झाल्याचं सुख वाटायला हवं होतं. पण डावीकडे वळताना माझे खांदे आपोआप आवळले जात, मी टकची वाट बघे, आणि तो आवाज न येता वळण संपे. एके दिवशी शाळेत जाताना मुलगी मागून म्हणाली, "आजी, पट्टा लावला की तू श्वास रोखून का धरतेस?"

"मी? नाही ग."

"धरतेस. मी मोजते. पहिला सिग्नल येईपर्यंत."

आई खिडकीबाहेर बघू लागली. त्या संध्याकाळी चहा घेताना मात्र म्हणाली, "गाडीच्या पुस्तकात आधीच्या मालकाचं नाव असेल ना? जाऊन येऊ या."

नाव होतं, पत्ताही होता. सटाण्याच्या अलीकडचं एक गाव. फोन नंबर मात्र नव्हता, तिथे अजून कोणी राहत असेल याची खात्री नव्हती. एका रविवारी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही दोघी निघालो. चांदवडच्या पुढे महामार्ग सोडला, देवळ्याकडचा घाट ओलांडला. गावात पिठाच्या गिरणीवर नाव सांगितलं. गिरणीवाल्याने आधी आमच्याकडे, मग गाडीकडे पाहिलं आणि डाळिंबाच्या बागेतल्या घराकडे बोट दाखवलं.

अंगणात एक बाई बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. साठीच्या असतील. गाडीचा आवाज आला तसं त्यांनी वर पाहिलं आणि हातातली कुरडई तशीच धरून उभ्या राहिल्या.

"हाई गाडी आमनी शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. आम्हाला उद्देशून नाही, स्वतःशीच.

आम्ही उतरलो. आई पुढे झाली. "आम्ही नाशिकहून आलो. तुम्हालाच भेटायला."

"नंबर तोच आहे," त्या आता आमच्या मराठीत म्हणाल्या. हात पदराला पुसत त्या गाडीला वळसा घालून डावीकडच्या मागच्या दाराशी आल्या. त्या दाराची कडी आधी जरा खाली दाबून मग ओढावी लागते. पाहुण्यांना ते दार कधीच उघडत नाही, प्रत्येक वेळी मला आतून उघडावं लागतं. त्यांनी ते एका हिसक्यात उघडलं.

आणि त्या आत बसल्या. उजवा हात डाव्या खांद्यावर नेला, पट्टा खाली ओढला, बक्कल न बघता लावलं. मग हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या. मला काय करावं सुचेना. आई मात्र शांतपणे पुढचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली, मागे न वळता. मी उघड्या दाराशी उभी राहिले.

"मला गाडीची भीती वाटायची," त्या बोलू लागल्या. "माझा भाऊ मोटरसायकलवरून गेलेला. म्हणून यांनी मालेगावहून पट्टा बसवून आणला. तिथल्या माणसाकडे एकच होता. दुसरा पुढच्या आठवड्यात येणार होता. म्हणाले, तोवर तू लाव."

"तुम्ही दोघं मागे बसला होता?" आईने पुढूनच विचारलं.

"हो. ड्रायव्हर पुढे. पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नाशिकला निघालो होतो. वडाळीभोईजवळ सकाळी धुकं होतं, रस्त्यात ट्रक उभा होता. ड्रायव्हर वाचला. मी वाचले. माझं हे हाड मोडलं फक्त." त्यांनी गळ्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं. पट्टा बरोबर तिथूनच गेला होता.

बागेत कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती.

"पट्ट्यानं मला असं धरून ठेवलं होतं की हलता येईना," त्या म्हणाल्या. "तोंड समोर. मान वळेना. हे माझ्या उजवीकडे होते. त्यांचा आवाज येत होता. मी म्हणत होते, थांबा, आले. लोक आले, पट्टा कापला, मला या दारानं बाहेर काढलं आणि मी बघू नये म्हणून तोंडावर कापड टाकलं. मग मी दवाखान्यात महिनाभर. तोवर सगळं उरकलेलं होतं. गाडी दिरांनी विकून टाकली. मी यांना बघितलंच नाही."

आणि मग त्यांनी मान उजवीकडे वळवली. सावकाश, दुखऱ्या मानेचा माणूस वळवतो तशी. उजवीकडच्या सीटवर माझ्या मुलीचा केसांचा बॅंड पडला होता, बाकी सीट रिकामी होती. त्या तिकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पुढे आईचे खांदे स्थिर होते. मला वाटतं तीही श्वास रोखून बसली होती. त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. आपण कोणाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबतो ना, तसा चेहरा होता.

"मुलगी बसते का इथे?" त्यांनी बॅंड उचलून विचारलं.

"हो, माझी."

त्यांनी बॅंड मला दिला. मग स्वतःचा पट्टा सोडला, उजवीकडे सरकल्या, तिकडचा पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून तिरका आणला आणि बक्कल लावलं. पट्टा आपोआप मागे सरकून पाठीच्या गादीला चपटा बसला. त्यांनी तो हाताने एकदा सारखा केला.

"घरी जाईपर्यंत असू द्या," त्या म्हणाल्या.

जुन्या पट्ट्याचं काय झालं, असं त्यांनी चहाच्या वेळी विचारलं. तो माझ्या पर्समध्येच होता, द्यावा की नाही हे ठरत नव्हतं. मी वर्तमानपत्राची पुडी पुढे केली. त्या ती न उघडता आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि परत येताना पिशवीभर डाळिंबं घेऊन आल्या. आईला म्हणाल्या, "तुम्ही बसता ना माझ्या जागेवर?" आई हो म्हणाली. दोघींनी एकमेकींचे हात धरले, एवढंच.

परतीच्या वाटेवर आई पुन्हा मागे डावीकडे बसली. मध्ये भरपूर जागा असूनही डाळिंबांची पिशवी तिने मांडीवर घेतली होती. आरशात मला तिचा अर्धा चेहरा आणि शेजारी रिकाम्या सीटवरचा तिरका काळा पट्टा दिसत होता. मी आरसा थोडा फिरवला, मग वाटलं हे बरं नाही, आणि पुन्हा होता तसा केला.

घाट उतरताना एका वळणावर ट्रॅक्टर आडवा आला आणि मी जोरात ब्रेक दाबला. पट्टा माझ्या खांद्यात रुतला. आईचाही आवळला, ते ऐकू आलं. आणि तिसराही आवाज आला, उजवीकडून, तसाच, करकचून ताण आल्याचा.

"ऐकलंस?" आई म्हणाली.

"आपोआप लॉक होतो तो, ब्रेक लागला की."

"हो," आई म्हणाली. नाशिक येईपर्यंत तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

पट्टा रात्रभर तसाच राहिला. सोडायला माझा हात धजावला नाही. सोमवारी सकाळी मुलीने दार उघडलं, "हा कोणी लावून ठेवलाय?" म्हणाली, खटकन सोडला, बसली आणि स्वतःभोवती लावला. मी गाडी सुरू केली.

शाळेत पोचल्यावर अंबडला फोन केला आणि कारागिरांना विचारलं, सीट रिकामी असली तरी पट्टा लॉक होतो का.

"होतो ना. आतली गोळी हलते ब्रेक लागला की. त्याला माणूस लागत नाय."

"आणि ताण आल्याचा आवाज येतो?"

पलीकडे त्यांनी हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "ताण यायला कुणी वढायला पायजे, ताई," ते म्हणाले. "गाडी घेऊन या, बघतो."

त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा उघडून पाहिल्या, बोल्ट तपासले, पट्टे पूर्ण बाहेर ओढून आत सोडले. कुठेही दोष नव्हता. "वापरा बिनधास्त," म्हणाले, आणि त्यांच्या शब्दावर आम्ही वापरतोय.

त्यानंतर आई पुढे, माझ्या शेजारी बसू लागली. गुडघे दुखतात, पुढे पाय लांब करता येतात, असं कारण तिने दिलं. डावीकडच्या जागेवर आता भाजीची पिशवी आणि मुलीचं दप्तर असतं. सटाण्याकडच्या बाईंचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो, आईच्या फोनवर. त्यांच्याकडची बाग, इकडची तब्येत, असं काहीबाही दोघी बोलतात. फोन ठेवण्याआधी त्या न चुकता विचारतात, मुलगी पट्टा लावते ना. आई म्हणते, लावते. मग त्या विचारतात, आणि गाडी कशी आहे. आई माझ्याकडे बघते आणि सांगते, बरी आहे, आता काही आवाज करत नाही.